पाऱ्यावरची पोकळी

सकाळी उठलं की आधी वरच्या खोलीच्या झडपा उघडायच्या आणि मग बाकीची कामं, हा ओर्सोलाचा कित्येक वर्षांचा शिरस्ता. नवरा तिबेरिओ गेला म्हणून तो मोडावा असं तिला काही वाटलं नाही. हिवाळ्यात पादुआची सकाळ म्हणजे नुसतं धुकं. कालव्यापलीकडचं घर दिसत नाही, तिथली शेळी ओरडते तेवढी ऐकू येते. तरी ती झडपा उघडायची, कारण उत्तरेच्या खिडकीशी तिबेरिओची नळी उभी होती.

काचेची नळी, छातीइतकी उंच, वरच्या टोकाला बंद. तिच्यात काठोकाठ पारा भरायचा, तोंडावर बोट दाबून ती पाऱ्याच्याच घमेल्यात उलटी उभी करायची आणि बोट काढून घ्यायचं. पारा थोडा खाली उतरतो आणि एका जागी थांबतो. त्याच्या डोक्यावर वीतभर जागा उरते. त्या वीतभर जागेत काय आहे यावरून पादुआच्या विद्यापीठातली भली भली माणसं एकमेकांना ओळख दाखवेनाशी झाली होती.

तिबेरिओचं म्हणणं, तिथं काही नाही. हवा नाही, वाफ नाही, काही म्हणजे काही नाही. एर्कोले सांजेर्वाझिओचं म्हणणं, निसर्ग रिकामी जागा खपवूनच घेत नाही. काचेला सूक्ष्म छिद्रं असतात, त्यांतून एक पातळ हवा आत शिरून बसते. पादुआची रीतच अशी की एका विषयाला दोन अध्यापक नेमायचे आणि त्यांनी एकाच वेळी, समोरासमोरच्या दालनांत, एकमेकांच्या विरुद्ध शिकवायचं. ज्याच्याकडे पोरांची गर्दी, तो त्या वर्षापुरता खरा. प्लेगच्या मोठ्या साथीनंतर लगेच ही जोडी जमली होती आणि तेव्हापासून एकाचा आवाज चढला की दुसऱ्याचाही चढायचा.

सांजेर्वाझिओनं नाताळाआधी भर सभेत आव्हान दिलं होतं: नळीत पोकळी आहे हे साक्षीदारांपुढे सिद्ध कर, नाहीतर दावा मागे घे. तिबेरिओ हसून हो म्हणाला, घरी आला, नळी नव्यानं भरली, आणि त्याच आठवड्यात छातीच्या सर्दीनं अंथरुणाला खिळला. शेवटी शेवटी त्याचा श्वास एकदा लांब चालायचा, मग अडखळून दोनदा आखूड. ओर्सोला उशाशी बसून तो ऐकत राहायची. एका दुपारी दोन आखूड श्वास झाले आणि पुढचा लांब आलाच नाही. मोलकरीण मेनेगानं रीतीप्रमाणे छोटा आरसा आणून त्याच्या तोंडाशी धरला. आरसा स्वच्छ राहिला.

सांजेर्वाझिओ सांत्वनाला आला तेव्हा त्याचे डोळे खरोखर सुजलेले होते. तो माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत.

"वहिनी, आमचं कधी पटलं नाही," तो म्हणाला, "पण समोरून त्याचा आवाज आला नाही तर मला माझंच बोलणं सुचत नाही हो."

"मग आता सुट्टी घ्या, भावोजी."

तो कसनुसा हसला. टोपी हातात फिरवत राहिला. "त्या आव्हानाचं सांगायचं होतं. संत अँथनीची जीभ जपून ठेवलीय ना, तिच्या सणापर्यंत मुदत आहे, फेब्रुवारीतल्या. तोवर उत्तर आलं नाही की चोपदार दारात उभा राहून पुकारतो, दावा मागे घेतला म्हणून. नुसती रीत आहे. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. गेलेल्या माणसाला कोण हसतंय?"

"तुमची पोरं हसतील. बाकं बडवून हसतील. माझ्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतं ते."

"पण उत्तर देणार कोण?"

"मी."

"तुम्ही? अहो, विद्यापीठाच्या दालनात बाईमाणसाला..."

"दालनात कोण मरायला येतंय? तुम्हीच इथं या. आव्हान देताना जागा कुठे ठरवली होती? जिना उभा आहे, तेवढी काठी आणा."

तो गेल्यावर मेनेगा दाराशी येऊन उभी राहिली. गावाकडची बाई, जिभेला हाड नाही. "आता काय करनार तुमी? मालकानला जे जमंना, ते तुमाला जमनार व्हय?"

"मालकांच्या नळ्या कोण धरायचं गं इतकी वर्षं? तू का?"

"म्या नाय बा. मला त्या पाऱ्याचं भ्या वाटतं. जित्या जनावरावानी पळतंय."

ओर्सोलाला मुळीच भ्या वाटत नव्हतं. तिला राग आला होता. आपला नवरा खरं बोलत होता आणि केवळ मेला म्हणून तो खोटा ठरणार, ही गोष्ट तिच्या घशाखाली उतरत नव्हती. ती तशीच वर गेली आणि तिबेरिओनं भरलेल्या नळीपुढे उभी राहिली.

काचेवर हिरकणीनं ओढलेली एक बारीक रेघ होती. पारा नेहमी त्या रेघेशी थांबायचा. आज तो रेघेच्या बोटभर खाली होता.

तिनं वाकून पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं. बोटभर खाली. म्हणजे वरच्या रिकाम्या जागेत काहीतरी होतं, जे पाऱ्याला खाली दाबत होतं. सांजेर्वाझिओला हवं होतं नेमकं तेच.

"अरे देवा, तिबेरिओ, काय करून ठेवलंस हे," ती पुटपुटली.

काचेवर धुरकट ठिपका उमटला. ती फार जवळ उभी होती, तिचाच श्वास लागला असणार. तिनं शालीच्या टोकानं काच पुसली. ठिपका पुसला गेला नाही. पुन्हा पुसली. ठिपका आतल्या बाजूनं होता, पाऱ्याच्या वर, जिथं काही नसायला हवं तिथं. मग तो हळूहळू आपोआप विरून गेला.

ओर्सोला उगाच घाबरणारी बाई नव्हती. खाली जाऊन तिनं मक्याच्या पिठाचा पोलेंटा ढवळायला घेतला आणि ढवळता ढवळता विचार केला. घास तोंडात असताना तिला उलगडा झाला. नळी भरली त्या संध्याकाळी आत कसलीशी धूळ दिसली म्हणून तिबेरिओनं तोंड लावून जोरात फुंकर मारली होती. ती ओरडलीही होती त्याच्यावर. नळीत कधी फुंकायचं नसतं. श्वासाचा ओलावा काचेला चिकटून बसतो आणि पारा ओतला तरी निघत नाही. पण त्याला ताप चढत होता, हात थरथरत होते, आणि नळी पुन्हा तापवून सुकवायचा कंटाळा केला त्यानं. एवढंच. ओलावा होता. थंडी वाढली की धरतो, कमी झाली की विरतो.

तिला इतकं बरं वाटलं की तिनं आणखी थोडा पोलेंटा वाढून घेतला.

पण दुसऱ्या दिवशी धुकं निवळलं होतं, ऊन पडलं होतं, आणि काचेवर आतून वाफ धरत होती. आली, विरली. मग पटकन आली, विरली. पुन्हा पटकन. मग बराच वेळ काही नाही, आणि मग पुन्हा एकदा सावकाश, मोठी.

एक लांब, दोन आखूड.

ओर्सोला स्टूल ओढून बसली. तिनं हात मांडीवर घट्ट दाबून धरले. "उगाच खेळ नको करूस," ती म्हणाली. ती बोलली तसा धुरकटपणा थांबला, ऐकणारा माणूस श्वास रोखून धरतो तसा. ती गप्प झाली आणि तो पुन्हा सुरू झाला.

मेनेगानं पाहिलं तेव्हा तिनं आधी छातीवर क्रूस काढला आणि मग ती ढसाढसा रडली. "मालक हायेत वो. मालकच हायेत."

"मालक कबरीत आहेत. तू होतीस ना तिथं? हा ओलावा आहे."

"आसा कसा वलावा? मालकाच्या दमाचा हिशेब ह्याला म्हाईत हाय व्हय?"

"बाहेर हो आधी!" ओर्सोला इतक्या जोरात ओरडली की पलीकडची शेळीसुद्धा गप्प झाली.

त्यानंतर ती रोज तिथं बसू लागली. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. विणकाम वर नेलं, मटार सोलायला वर नेले. सांजेर्वाझिओची नक्कल करून दाखवली, विद्यापीठातल्या भानगडी ऐकवल्या. एके दुपारी तिनं गाल काचेला टेकवला. गालाच्या बरोबर समोर, आतून, धुरकट वर्तुळ उमटलं आणि बराच वेळ राहिलं. काच थंडगार होती. ओर्सोलाला वाटलं, हे असंच चालू राहिलं तर आपल्याला आणखी काही नको. चोपदार दारात उभा राहून काय हवं ते पुकारू दे.

आणि लगेच तिला स्वतःचा संताप आला.

कारण तिथं तिबेरिओ असेल, तर तिबेरिओ खोटा होता. तिथं काहीतरी होतं. ज्या एका गोष्टीसाठी तो आयुष्यभर ओरडत राहिला, बढती गमावली, मित्र गमावले, ती गोष्ट त्याच्याच श्वासानं बुडवली होती. आणि तो खरा ठरायला हवा असेल, तर ही नळी रिकामी करून, तापवून, कोरडी करून पुन्हा भरायला हवी होती. म्हणजे त्याला बाहेर काढायला हवं होतं.

"तू काय म्हणाला असतास, सांगू?" ती नळीला म्हणाली. "म्हणाला असतास, ओत बाहेर, वेडे. अजून वाट कसली बघतेस?"

सणाच्या आदल्या दिवशी तिनं मेनेगाला वर बोलावलं. शेगडी पेटवून ठेवली होती. तिनं दोन फडकी काढली, एक स्वतःच्या तोंडावर बांधलं, एक मेनेगाच्या.

"ह्ये कशाला?"

"कुणाचा श्वास लागता कामा नये. धर घमेलं."

"नका वो असं करू, मालकीणबाई. पाया पडते तुमच्या. ऱ्हाऊ द्या त्यास्नी तितंच. कुनाला तरास हाय त्येंचा?"

"धर म्हटलं ना."

तिनं आधी नळी घमेल्यातच हळूहळू कलती केली. पारा वर सरकू लागला. रिकाम्या जागेत खरंच काही नसेल तर तो थेट टोकाला जाऊन थडकतो, टक् असा आवाज होतो, टाचणी मावेल एवढीही जागा उरत नाही. तिबेरिओ त्या आवाजावर जीव टाकायचा. आज आवाज झाला नाही. पारा टोकाशी जाऊन थांबला आणि वर एक बुडबुडा राहिला, वाटाण्याएवढा. एवढाच होता तो.

ओर्सोलानं नळी पाऱ्यातून वर उचलली. पारा घळघळत घमेल्यात पडला. बुडबुडा कधी गेला ते दिसलंच नाही.

मग ती रडली. दफनाच्या वेळी सगळं गाव बघत होतं तेव्हा ती ताठ उभी होती. आता तोंडावर फडकं बांधून, नळी हातात धरून ती अशी रडली की मेनेगानंच घमेलं खाली ठेवून तिला धरलं. रडून झाल्यावर तिनं नळी शेगडीवर फिरवून फिरवून कोरडी केली, पारा चामड्यातून गाळला आणि ती पुन्हा भरली. नळी घमेल्यात उलटी केली, बोट काढलं. पारा उतरला आणि हिरकणीच्या रेघेवर येऊन थांबला, केसाचाही फरक नाही. वरची जागा स्वच्छ होती. ती झोपायला गेली तोवर स्वच्छ होती, सकाळीही स्वच्छ होती.

सणाच्या दिवशी गावभर घंटा वाजत होत्या. सांजेर्वाझिओ काठी टेकत जिना चढला. मागून विद्यापीठाचा चोपदार आणि साक्षीदार म्हणून वैद्यकशाखेचा म्हातारा बोनिफाचो. नळीजवळ ऊब नको म्हणून खोलीत शेगडी नव्हती, त्यामुळे सगळ्यांच्या तोंडातून वाफा निघत होत्या. ओर्सोलाच्याही. नंतर कुणी नशेचं निमित्त सांगू नये म्हणून पाहुण्यांना वाईन द्यायचं तिनं मुद्दाम टाळलं होतं.

"नळी कुणी भरली?" बोनिफाचोनं विचारलं.

"मी. तोंडावर फडकं बांधून. तुम्हीही जरा लांबच उभे राहा, तुमच्या तोंडाला लसणाचा वास येतोय."

चोपदाराला हसू आवरेना. सांजेर्वाझिओनं चष्मा चढवला, रेघ पाहिली, पारा पाहिला. "पातळी बरोबर आहे, ते मी कधी नाकारलं? प्रश्न वर काय आहे तो आहे. छिद्रांतून आलेली हवा डोळ्यांना दिसत नाही, वहिनी."

"डोळ्यांना नाही दिसत, पण जागा तर व्यापेल ना? की तुमची हवा जागासुद्धा घेत नाही? बघा."

तिनं नळी कलती केली. पारा चढला आणि टोकाला जाऊन थडकला.

टक्.

तिनं नळी पुन्हा सरळ केली, पारा रेघेशी उतरला. "काही होतं का तिथं?"

सांजेर्वाझिओ नळीकडे टक लावून पाहत होता. मग त्यानं चष्मा काढून पुसला आणि परत चढवला.

"वहिनी," तो म्हणाला. त्याचा आवाज एकदम उतरला होता. "हे काय आहे?"

काचेवर आतून वाफ धरली होती.

विरली. मग पटकन आली. पुन्हा पटकन.

बोनिफाचो एक पाऊल मागे सरला. दाराशी उभी असलेली मेनेगा दोन्ही हात तोंडावर धरून खाली बसली. नळी तापवून कोरडी केलेली होती. पारा टोकाला थडकलेला सगळ्यांनी ऐकला होता.

"तिथं काहीतरी आहे," सांजेर्वाझिओ पुटपुटला. आणि मग फारच हळू, एखाद्या पोरासारखं, "तिबेरिओ?"

धुरकटपणा थांबला.

ओर्सोलाचा हात नळीवर होता. तिला एवढंच म्हणायचं होतं, हो. हो म्हटलं असतं तर नळी तिच्याजवळ राहिली असती. खिडकी राहिली असती, स्टूल राहिलं असतं, मटार सोलायच्या दुपारी राहिल्या असत्या. आणि खाली दारात चोपदारानं पुकारलं असतं.

"तिथं काही नाही," ती म्हणाली.

"पण वहिनी, मला दिसतंय..."

"काही नाही म्हणते ना! असेल तर जागा घेईल. मोजा."

तिनं नळी कलती केली. या वेळी फार सावकाश. पारा चढू लागला. धुरकट ठिपका त्याच्यापुढे आक्रसत गेला, नाण्याएवढा, बोराएवढा, मग वाटाण्याएवढा. टोकाशी तो क्षणभर थांबला.

तिनं आणखी कलती केली.

टक्.

बुडबुडा नाही. टाचणीएवढीही जागा नाही. ओर्सोलाचा इतका वेळ रोखलेला श्वास सुटला, लांबच लांब, संपेचना असा.

"ऐकलंत?" ती म्हणाली.

"ऐकलं," सांजेर्वाझिओ म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. तो चोपदाराकडे वळला. "दावा कायम. पुकार जाऊन."

ती त्यांना निरोप द्यायला दारापर्यंत गेली. कमानीखाली पुन्हा धुकं भरू लागलं होतं. चोपदार खणखणीत आवाजात पुकारत होता, तिबेरिओ माल्वेत्सी यांचा दावा कायम, आणि येणारे जाणारे थांबून ऐकत होते. त्याच्या तोंडातून वाफेचे ढग निघत होते. सांजेर्वाझिओच्या, म्हाताऱ्या बोनिफाचोच्या, लाकडं घेऊन चाललेल्या गाढवाच्यासुद्धा.

"भावोजी," ती मोठ्यानं म्हणाली, "उद्या तुमच्या पोरांना हे नीट सांगा. बाकं बडवू देत आता."

मेनेगा तिच्या तोंडाकडे पाहत होती. ओर्सोलानंही पाहिलं. तिच्या शब्दांपुढची हवा स्वच्छ होती.

तिनं दार लावून घेतलं. मेनेगा फडताळाकडे गेली आणि छोटा आरसा घेऊन आली.

"ठेव तो जागेवर," ओर्सोला म्हणाली.

"पन मालकीणबाई, तुमचा स्वास..."

"एक शब्द कुणाजवळ बोललीस तर याद राख. त्या सांजेर्वाझिओच्या कानावर गेलं तर तो म्हणेल, पोकळीत काहीतरी होतं आणि जाताना ते हिचा श्वास घेऊन गेलं. मला भूक लागलीय. सार आण."

मेनेगानं कोंबडीचं सार आणलं, चुलीवरून थेट, उकळतं. ओर्सोला टेबलाशी ताठ बसली. बाहेर चोपदार दुसऱ्या चौकात जाऊन पुकारत होता आणि ती ऐकत होती. तिला आनंद झाला होता, खरोखर झाला होता. तिनं वाडगा जवळ ओढला, ओठ पुढे काढले आणि चांगली जोरात फुंकर घातली.

साराची वाफ सरळ वर जात राहिली.